माझ्याच नोकरीची जाहिरात

वॉलाबूर,
शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मानांग तेरेसिता,

तुझ्या धाकट्या भावाचा, एर्विनचा नमस्कार. तुझा हात इथूनच हातात घेतला आणि कपाळाला लावला, असं समज. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरने दिलेलं तेल तू स्वतः लावतेस, की अजून ते भाऊजींच्या झुंजीच्या कोंबड्याच्या पायालाच लागतंय? भाऊजींना माझा नमस्कार सांग, कोंबड्यालाही सांग. छपराचा पत्रा वादळाआधी बदलून घ्या. माझी रोवेना तुमच्याकडे येऊन भाताच्या पातेल्याची खरवड खाते म्हणे. खाऊ दे, नऊ वर्षांच्या पोरीला पचते.

माझी तब्येत उत्तम आहे. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली, तीही उजवीकडे नव्हेत, डावीकडे, म्हणजे पोट आत गेल्यावर पाडतात तिकडे. पण त्याला आजार म्हणत नाहीत. त्याला काय म्हणतात ते खाली लिहितो. उभ्याने वाचू नकोस, गुडघा दुखेल.

मी चार वर्षांपूर्वी ज्या कंपनीच्या जिवावर ऑस्ट्रेलियात आलो, ती मे महिन्याच्या अठरा तारखेला बंद पडली. (तुला ठाऊक नव्हतं, कारण मी कळवलं नव्हतं.) आता नुसती कंपनी बंद पडली तर माणूस दुसरीकडे जातो, त्यात काय एवढं, असं तू म्हणशील. पण आमचा व्हिसा कारागिराचा. त्यावर माझं नाव आहे तसं मालकाचंही आहे. मालकाने सरकारला लिहून द्यायचं की, मला हा माणूस ह्या कामासाठी हवा आहे. सरकारने ते मान्य करायचं. मग आम्ही राहायचं. मालक गेला की एकशे ऐंशी दिवस. तेवढ्यात दुसरा मालक शोधायचा, त्याच्याकडून नव्याने नाव सुचवून घ्यायचं, सरकारकडून मंजूर करून आणायचं, नाहीतर पेटी बांधायची. लग्नाचंसुद्धा इतकं कडक नसतं, मानांग. नवरा मेला म्हणून बायकोला कोणी देशाबाहेर काढत नाही.

पहिले तीन आठवडे मी नुसता घाबरून होतो. घाबरण्यात दिवस जातात हे माझ्या तेविसाव्या दिवशी लक्षात आलं. मग कोन्सोर्सियाने (आपल्या पासी गावचीच, इथल्या वृद्धाश्रमात नर्स आहे) मला गाडीत घातलं आणि ह्या वॉलाबूर गावात डग हेन्शॉच्या वर्कशॉपसमोर उतरवलं. डग म्हणजे अडुसष्ट वर्षांचा, दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू झालेला, गव्हाचे हार्वेस्टर दुरुस्त करणारा माणूस. पंचक्रोशीतले सगळे हार्वेस्टर त्याच्याकडे येतात, कारण पुढचं वर्कशॉप दोन तासांवर आहे. त्याने माझे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारलं, "ते हिरवं धूड चालू करता येईल?" मी संध्याकाळपर्यंत चालू केलं. तो म्हणाला, "बरं. उद्या सातला ये." झाली मुलाखत. त्या रात्री मी चार महिन्यांच्या बाळासारखा झोपलो, आणि पुढचे चार महिने झोपलो नाही.

कारण डगला यंत्रांची भीती नाही, माणसांची नाही, सापाची नाही. त्याला फक्त कागदाची आहे. सरकारचा लिफाफा आला की डग तो लोखंडी कपाटाच्या मागे टाकतो. (कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आलंय.) अशा माणसाला मी सांगितलं की, तुम्हाला आधी स्वतः मंजूर मालक व्हावं लागेल, मग माझं नाव सुचवावं लागेल, मग पगार इथल्या माणसाइतकाच आहे हे दाखवावं लागेल, मग कामाची खरंच गरज आहे हे पटवावं लागेल. त्याने आधी कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू भर. मी सही करतो." मेलबर्नची एक वकीलबाई कोन्सोर्सियाने गाठून दिली. ती फोनवर म्हणाली, "उत्तरं मालकाची हवीत, नोकराची नव्हेत." म्हणून रोज जेवणाच्या सुट्टीत मी प्रश्न वाचायचो, डग मटण-पाव खात उत्तर द्यायचा आणि मी लिहायचो. 'व्यवसायाचं पुढील पाच वर्षांचं उद्दिष्ट' ह्यापुढे त्याने सांगितलं, "मरायचं नाही." वकीलबाईने ते बदलायला लावलं.

ह्याच सुमारास पांढऱ्या गाडीचा प्रसंग घडला. तो मी कोणालाच सांगितलेला नाही. मी दारात वंगण पुसत होतो, एवढ्यात सरकारी चिन्हाची पांढरी गाडी आली आणि बगलेत फाईल घेतलेला एक माणूस उतरला. माझे कागद अजून कुठेच पोचले नव्हते, मी काही चुकीचं केलं नव्हतं, सगळं कायद्यात होतं. तरी मी काय केलं असेल? सरळ शिडी चढून हार्वेस्टरच्या धान्याच्या टाकीत उतरलो आणि वरून झाकण ओढलं. आत गेल्या वर्षीचा गहू होता, त्यात उंदीर होता आणि त्यालाही मी आलेलं आवडलं नव्हतं. तासभर बसलो. मग डगची हाक आली, "एर्विन, तो गेला." मी विचारलं, कोण होता. तर म्हणाला, नगरपालिकेचा. कुत्र्याची नोंदणी केलेली नाही म्हणून आला होता. अख्ख्या वर्कशॉपमध्ये बिनकागदाचा एकटा तो कुत्राच होता, मानांग, आणि तो दारात पाय पसरून झोपला होता.

आता खरी भीती ऐक. वकीलबाई म्हणाली, नाव सुचवण्याआधी ती जागा अठ्ठावीस दिवस जाहीर करावी लागते. इथला कोणी लायक माणूस ते काम करायला तयार नाही, हे आधी कळलं पाहिजे. म्हणजे माझ्याच नोकरीची जाहिरात द्यायची, दोन ठिकाणी, आणि अठ्ठावीस दिवस वाट पाहायची की कोणी येतंय का. नियम बरोबरच आहे. मी इथला असतो तर मीही हाच केला असता. पण मी इथला नाही. डगने पहिला मसुदा स्वतः सांगितला: "एर्विनसारखा माणूस पाहिजे. एर्विन असल्यास उत्तम." वकीलबाईने तोही बाद केला. मग मीच लिहिला, खरा खरा, काय काम, किती तास, कसला अनुभव. लिहिताना एकदा वाटलं, 'साप असतात' असं घालावं. घातलं नाही. (असतात.)

वर्कशॉपचा संगणक फक्त मला चालवता येतो. डगला पडदा दिसत नाही. म्हणजे माझ्या नोकरीसाठी आलेले अर्ज रोज सकाळी मीच उघडायचो. पुसून टाकायची कळ उजव्या हाताला असते, म्हणून मी उजवा हात खिशात ठेवून डाव्या हाताने अर्ज उघडायचो. मोठ्याने वाचून दाखवायचो. एका माणसाने विचारलं होतं की घरी बसून हे काम करता येईल का. एक केस कापणारा होता. गावातल्या दारूच्या गुत्त्यातल्या एकाने अर्ज केला, त्याला काम नकोच होतं. डग आजारी आहे का, वर्कशॉप विकणार आहे का, एवढंच हवं होतं. पंचवीस दिवस असे गेले. सव्विसाव्या दिवशी कॉलिन बर्च आला.

अर्ज पाठवलाच नाही त्याने. दारात येऊन उभा राहिला. ह्याच गावचा, एकोणचाळीस वर्षांचा, पक्का शिकलेला मेकॅनिक, बारा वर्षं खाणींतल्या प्रचंड यंत्रांवर काम केलेला. आई कोन्सोर्सियाच्या वृद्धाश्रमात आहे, मुलाला ओळखत नाही, म्हणून तो खाण सोडून परत आला. मला म्हणाला, "इथे जागा आहे म्हणे?" मी म्हणालो, "आहे." (माझं एक पाऊल तिच्यावरच होतं.)

डगला डोळ्यांनी बारीकसारीक काही दिसेना, म्हणून त्याने परीक्षा घ्यायचं काम मला दिलं. माझी जागा घ्यायला आलेल्या माणसाची परीक्षा मी घ्यायची. कोपऱ्यात एक लाल हार्वेस्टर उभा होता, तापला की आपोआप बंद पडायचा. त्याच्याशी मी दोन दिवस झुंजत होतो आणि मला दोष सापडला नव्हता. मी तोच दाखवला. खोटं कशाला बोलू, मनात म्हटलं, मला नाही सापडला, ह्याला कुठून सापडेल. कॉलिनने तो चालू केला, बाजूच्या डब्यावर बसला आणि डोळे मिटून ऐकत राहिला. मला वाटलं झोपला. मी देवाचे आभार मानायला सुरुवात केली होती. चाळीस मिनिटांनी तो उठला, चालकाच्या बैठकीखाली हात घातला आणि एक वायर बाहेर काढली. पत्र्यावर घासून घासून तिचं रबर गेलं होतं. यंत्र तापलं की पत्रा फुगायचा आणि वायरीला टेकायचा. "हीच असावी," म्हणाला. पुन्हा तासभर चालवून पाहिला. बंद पडला नाही.

डग बाकावर बसला होता. मला जवळ बोलावून हळूच म्हणाला, "कसा आहे?"

तेव्हा आजूबाजूला कोणी नव्हतं, मानांग. कॉलिन बाहेर हात धूत होता. डगला बारकावे दिसत नाहीत. 'बरा आहे, पण आपल्या कामाचा नाही,' एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं, जिभेवर आलं होतं. मला रोवेना दिसली. विमानतळावर उभं राहून 'आलो परत' म्हणणारा मी दिसलो. आणि माझ्या तोंडून बाहेर आलं, "माझ्यापेक्षा चांगला आहे." हे मी चांगुलपणाने बोललो असं कोणाला सांगू नकोस. मला खोटं पचत नाही, पचवायला धीर लागतो आणि तो माझ्याकडे नाही. बोलल्यावर मी मागच्या संडासात जाऊन बसलो. बाहेर डगचा आवाज ऐकू आला, "सोमवारी सातला ये." त्याने कॉलिनला घेतलं होतं.

मी बाहेर आलो, हत्यारं पुसली, माझा डबा, माझी टोपी आणि भिंतीवरचा बाळ येशूचा फोटो पिशवीत भरला. डग म्हणाला, "तो फोटो कुठे नेतोस?" मी म्हणालो, "घरी." "का?" "जागा भरली ना." डग रागावला की हळू बोलतो. तो इतकं हळू बोलला की मला वाकावं लागलं. "आठ वर्षं मला दोन माणसं हवी आहेत. एक मिळायची मारामार, म्हणून दुसऱ्याचं नाव काढत नव्हतो. बाहेर अकरा हार्वेस्टर उभे आहेत. दोन महिन्यांत कापणी आहे. लाव तो फोटो परत."

मी रडलो नाही, कारण लगेच वकीलबाईला फोन लावला. ती म्हणाली, मालकाला दुसरा माणूस खरोखरच हवा असेल तर छान, पण जाहिरात झालेली जागा भरली. दुसऱ्या जागेसाठी पुन्हा जाहिरात. पुन्हा अठ्ठावीस दिवस, पहिल्यापासून. मी विचारलं, आधीचे सव्वीस धरता येणार नाहीत का. तिला हसू आलं असावं, पण ती सभ्य आहे.

ह्या दुसऱ्या अठ्ठावीस दिवसांबद्दल मी फार लिहीत नाही. कॉलिन माझ्या शेजारी काम करायचा. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "तुझा चेहरा नेहमीच असा असतो का?" मी सगळं सांगितलं. त्याने हातातला नट घट्ट केला. मग म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी मी नापास झालो असतो तर तुझं काम झालं असतं." मी म्हटलं, हो. "आणि मला कोणी पास केलं?" मी म्हटलं, मीच. त्या दिवसापासून जड इंजिनाखाली आधी तो शिरतो. गुत्त्यात लोक त्याला विचारायचे, डगकडचं काम कसं आहे. डगने आम्हा दोघांना ताकीद दिली होती की चांगलं बोलायचं नाही, वाईटही बोलायचं नाही, नाहीतर उद्या कोणी म्हणेल आम्ही लोकांना पळवलं. तेव्हा कॉलिन नुसता ग्लासाकडे बघत बसायचा. लोकांनी त्यावरून काय समजायचं ते समजून घेतलं. (ह्यात कायदा मोडतो का, हे वकीलबाईला विचारायचं धाडस मला झालं नाही.) कोणी आलं नाही. ज्याला पाना धरता येतो असा प्रत्येक जण तेव्हा कुठे ना कुठे हार्वेस्टरखालीच होता.

डगने माझं नाव सुचवल्याचा अर्ज गेला तेव्हा माझे एकशे एक्कावन्न दिवस संपले होते. पंधरा दिवसांनी व्हिसाच्या खात्यातून एका बाईंचा फोन आला. मी इंजिनामागे उभा होतो, पळता येत नव्हतं. डगने फोनचा आवाज मोठा केला, कारण त्याला तसंच येतं. बाईंनी विचारलं, एर्विन दुमांकास काय काम करतात. डग म्हणाला, "बिघडलेलं नीट करतो." पगार किती, सुट्टी किती, सगळं त्याने बरोबर सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "ह्या भागात स्थानिक माणूस मिळत नाही, ह्याचं तुमच्या मते कारण काय?" डग म्हणाला, "एक मिळाला. त्याला घेतला. अजून एक पाहिजे. तुम्हाला येतं का काही?" मग बाई म्हणाल्या, "मला येत नाही, मिस्टर हेन्शॉ," आणि फोन ठेवला. मी त्या दिवशी जेवलो नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

परवा, एकशे एकाहत्तराव्या दिवशी, डगने सुचवलेल्या माझ्या नावाला मंजुरीचं पत्र आलं. मी डाव्या हाताने उघडलं. तीनदा वाचलं, मग कॉलिनला वाचायला दिलं, मला इंग्रजी नीट कळतं की नाही ह्याचीच शंका यायला लागली होती. त्याने माझ्या पाठीत असा गुद्दा मारला की अजून दुखतंय. डगला सांगितलं. तो म्हणाला, "बरं. मग त्या हिरव्याचं मागचं चाक काढ." मी काढलं.

तुला उगाच काळजी लागली असेल तर क्षमा कर. सगळ्यांना आशीर्वाद, वडीलधाऱ्यांना नमस्कार. गुडघ्यावर वजन देऊ नकोस.

तुझा धाकटा,
एर्विन

ता. क. – खरं कारण आता लिहितो. फोन करता आला असता, पण तुझ्या फोनवर आपण दोघं बोलतो तेव्हा शेजारच्या तीन घरांतून उत्तरं येतात. मानांग, ह्यातलं जोवेलिनला काहीही ठाऊक नाही. जुनी कंपनी चालू आहे, साहेब खूश आहेत, वर गाव बदललं ते बढती मिळाली म्हणून, असं मी माझ्या बायकोला सहा महिने सांगत आलो आहे. आता कुटुंबाला इथे आणता येईल अशा नव्या व्हिसाच्या अर्जात तिचं आणि रोवेनाचं नाव घालायचंय. सोबतच्या कागदांवर तिची सही हवी आणि तिसऱ्या पानावर कंपनी कधी बंद पडली ती तारीख स्पष्ट लिहिलेली आहे. ती शाळेत गणित शिकवते, तारखा तिच्या नजरेतून सुटत नाहीत. सरकारला मी तोंड दिलं (टाकीत बसून का होईना), पण तिला देववत नाही. तेव्हा तू आधी तिला जवळ बसव, काहीतरी गोड खायला घाल, आणि हळूहळू सांग. मी वाईट नाही, फक्त घाबरट आहे, एवढं नक्की सांग. कोन्सोर्सिया सुट्टीवर पासीला येतेय, पत्र आणि कागद ती तुझ्याच हातात देईल.

ता. क. २ – पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. कोन्सोर्सिया आत्ता न्यायला आली होती. पाकिटाची जाडी बघून म्हणाली, "एवढं काय लिहिलंस?" मी सांगितलं. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "जोवेलिनला मे महिन्यापासून माहीत आहे." मी विचारलं, कोणी सांगितलं. "मी. तिला सांगू नकोस म्हणून तू मला शपथ घातलीस ना, त्याच संध्याकाळी. नवरा वाळत चाललाय हे बायकोला कळायला नको?" आणि जोवेलिनने उलट तिलाच शपथ घातली की, मला माहीत आहे हे एर्विनला कळू देऊ नकोस, तो आधीच घाबरलेला, त्यात मीही घाबरलेय हे कळलं तर यंत्रात हात घालून बसेल. संध्याकाळी ती चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला जाते असं मला सांगते. सराव वगैरे काही नाही. जूनपासून ती चार घरी शिकवण्या घेतेय, मी परत आलोच तर हाताशी पैसे असावेत म्हणून. फोनवर मी हसायचो, तीही हसायची. मला वाटायचं, बरं झालं, हिला काही कळत नाही.

ता. क. ३ – तेव्हा वरची विनंती रद्द. तिला काही सांगू नकोस, जवळही बसवू नकोस. नुसते कागद पुढे ठेव आणि कुठे सही करायची ते दाखव. तिसरं पान आलं की तू खिडकीबाहेर बघ. तिचा हात थरथरला तर मला कळवू नकोस. नाही, कळवच.